कळसूबाईनंतरचा सोमवार

नमस्कार ताई,

मी ४४ वर्षांची. राहायला ठाण्यात घोडबंदर रोडला, नोकरी ऐरोलीत, आयटी कंपनीत. घरी नवरा, दहावीतली मुलगी आणि सासूबाई. गेलं वर्षभर रात्री तीन-साडेतीनला जाग येते. मग ऑफिसच्या मेल, मुलीचे क्लास, गॅसचं बुकिंग, सगळं डोक्यात एकदम सुरू होतं. चिडचिड एवढी वाढलीय की परवा लिफ्ट उशिरा आली म्हणून डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं. शुगर, थायरॉइड, हिमोग्लोबिन नॉर्मल. बीपी किंचित वर. म्हणाले, 'गोळी नको इतक्यात. जरा दमाने घ्या, निसर्गात जात जा.'

मी ते मनावर घेतलं. ट्रेकच्या ग्रुपमध्ये नाव दिलं, भर आषाढात कळसूबाई केली. शिडीपाशी ही रांग, मागून ढकलाढकली, रात्री एकला घरी. सोमवारी ऑफिसात मान वर होत नव्हती. मग घड्याळ घेतलं, रोज दहा हजार पावलं. कमी पडली तर झोपायच्या आधी हॉलमध्येच फेऱ्या मारते. आता मैत्रीण म्हणतेय, कर्जतला दोन रात्रींचं 'फॉरेस्ट बाथिंग' शिबिर आहे, चौदा हजार रुपये. नवरा म्हणतो, जायचं तर जा. सासूबाई काही बोलत नाहीत, पण त्यांचं न बोलणं मला ऐकू येतं. खरं सांगू? तलावपाळीवर दहा मिनिटं नुसती बसले तरी कुणाचं तरी काहीतरी चोरल्यासारखं वाटतं.

या निसर्गाच्या गोष्टीत खरंच तथ्य आहे की नुसतं फॅड? आणि शिबिराला जाऊ का?

— घोडबंदरची एक वाचक

*

नमस्कार,

आधी शिबिराचं बोलू, म्हणजे चौदा हजारांचा घोळ मिटेल. सध्या जाऊ नका. शिबिर वाईटच असेल असं मी म्हणत नाही, मी ते पाहिलेलं नाही. पण 'दमाने घ्या' हे डॉक्टरांचं सांगणंसुद्धा तुम्ही कामांच्या यादीत टाकलंत आणि बाकीच्या कामांसारखंच धडाक्यात उरकायला घेतलंत. शिखर झालं, पावलं झाली, आता शिबिर. तिथूनही तुम्ही रविवारी रात्री उशिरा दमून परत याल, सोमवारचा डबा तुमच्याच डोक्यात असेल, आणि शिवाय 'चौदा हजार घालवूनही मला शांत होता आलं नाही' हे एक नवं ओझं घेऊन याल.

आता तथ्य आहे का? आहे. ज्या जाहिराती तुमच्या फोनवर येतात तेवढं नाही, पण आहे.

'फॉरेस्ट बाथिंग' हा शब्द जपानी 'शिनरिन-योकू'वरून आला. १९८२ मध्ये तिथल्या वनखात्याने तो काढला. लोकांनी जंगलात यावं, सावकाश फिरावं, झाडांचा वास घ्यावा, एवढंच त्यात होतं. त्यावर पुढे तिथे बराच अभ्यास झाला. पण मला जास्त पटतो तो १९८४ चा, अमेरिकेतला एक साधा अभ्यास. रॉजर उलरिक या संशोधकाने पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलच्या जुन्या नोंदी काढल्या. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. त्या माणसांनी काहीही 'केलं' नव्हतं. पलंगावर पडून होती बिचारी.

तुमच्या कामाचे अभ्यास मात्र २०१९ चे आहेत. इंग्लंडमध्ये जवळजवळ वीस हजार लोकांची माहिती तपासली, तेव्हा आठवड्याला एकूण १२० मिनिटं किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणाऱ्यांपैकी जास्त जणांनी आपली तब्येत आणि मन बरं असल्याचं सांगितलं. ही १२० मिनिटं एका दमात काढली की तुकड्यातुकड्याने, याने फरक पडला नाही. आता यात मेख आहे, आणि ती शिबिरवाले सांगत नाहीत: ज्यांची तब्येत मुळातच बरी, तेच जास्त बाहेर पडत असतील. हा अभ्यास कार्यकारण सिद्ध करत नाही. म्हणून दुसरा बघा. मिशिगनमध्ये ३६ शहरी माणसांना आठ आठवडे, आठवड्यातून निदान तीनदा, त्यांना जिथे निसर्गात आल्यासारखं वाटतं अशा कुठल्याही जागी निदान दहा मिनिटं जायला सांगितलं, आणि आधी-नंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. कॉर्टिसॉल म्हणजे ताणाच्या वेळी शरीर जे संप्रेरक सोडतं ते. ते सगळ्यात वेगाने उतरलं वीस ते तीस मिनिटांच्या भेटीत. त्यापुढेही उतरत राहिलं, पण सावकाश.

आणि त्या ३६ जणांना घातलेल्या अटी वाचा. व्यायाम म्हणून झपझप चालायचं नाही. फोन नाही, सोशल मीडिया नाही, गप्पा नाहीत, पुस्तकही नाही. तुमची दहा हजार पावलं तिथे पहिल्याच अटीत बाद झाली असती.

असं का होत असावं, याचं एक उत्तर राचेल आणि स्टीफन कॅप्लन या जोडप्याने देऊन ठेवलंय. दिवसभर आपण लक्ष ओढून-ताणून एका जागी धरतो: स्क्रीनवर, ट्रॅफिकवर, मुलीच्या मार्कांवर. हे धरून ठेवणंच थकवतं, आणि थकलं की पहिला बळी आपल्या संयमाचा जातो. लिफ्ट उशिरा येते आणि रडू फुटतं, ते यामुळे असू शकतं. पानं हलतात, पाणी चमकतं, पाखरू उडतं, तिकडे लक्ष आपसूक जातं, धरावं लागत नाही. तेवढ्यात त्या दमलेल्या भागाला विसावा मिळतो. तुमच्या तीन वाजताच्या रवंथाबद्दलही एक धागा आहे. २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी काही निरोगी शहरी माणसांना दीड तास चालायला पाठवलं. काहींना ओकची झाडं असलेल्या माळावर, काहींना गजबजलेल्या रस्त्याच्या कडेने. माळावर गेलेल्यांचं स्वतःबद्दलचं तेच ते उगाळणं कमी झालं, रस्त्यावरच्यांचं नाही. दोघेही चालले तेवढेच होते, हे लक्षात घ्या. हॉलमधल्या फेऱ्या पायांसाठी ठीक, डोक्यासाठी त्यांची किंमत फारशी नाही.

आता जागेचं. तुम्ही कर्जतचा, कळसूबाईचा विचार करताय याचंच मला नवल वाटतं. तुमच्या घराच्या मागे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं, आणि येऊर हा त्याचाच भाग. ऑफिसपाशी ठाणे खाडी आहे. २०१५ मध्ये तिला फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित केलं, २०२२ मध्ये ती रामसर यादीत गेली, म्हणजे जगाने दखल घेतलेल्या पाणथळींत. सकाळी जंगलापासून निघून खाडीपाशी पोचायचं आणि संध्याकाळी खाडीपासून जंगलाकडे परतायचं, असा प्रवास तुम्ही रोज करता. बंद काचेतून, लॅपटॉप मांडीवर घेऊन.

येऊरबद्दल मात्र माझं मत जरा वाकडं आहे. शनिवार-रविवारी संध्याकाळी उपवन तलावापासून वर गाड्यांची रांग लागते आणि वर गाणी. तिथे त्या वेळी जाऊ नका, कळसूबाईच्या शिडीपाशी होतात तशाच होऊन याल. आठवड्याच्या मधल्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी जा, वनखात्याच्या फाटकावर विचारून, सांगतील तेवढ्याच वाटेवर, आणि उजेडात परत या. बिबट्याचं घर आहे ते. आता भाद्रपदात तेरडा आणि सोनकी फुललेली असेल. आणि ओढ्यात उतरायचा मोह नको. वर पाऊस पडला की खाली पाणी सांगून येत नाही.

खाडी मला तुमच्यासाठी जास्त योग्य वाटते. 'पण फ्लेमिंगो तर नोव्हेंबरनंतर येतात' असं म्हणाल. म्हणूनच आत्ता जा. फ्लेमिंगो आले की तो कार्यक्रम होतो: बोटीचं बुकिंग, फोटो, स्टेटस. आत्ता तिथे बघण्यासारखं 'काही नाही', आणि तुम्हाला तेच हवंय. ऐरोलीत वनविभागाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथे एखाद्या शनिवारी सकाळी ओहोटीची वेळ बघून जा. खाडीकाठच्या चिखलाकडे पाच मिनिटं बघत राहा. आधी नुसता राखाडी चिखल दिसेल. मग तो जागोजागी हलतोय असं वाटेल. निवट्या असतात त्या: डोक्यावर डोळे, पुढच्या परांवर सरपटत चालणारा मासा, ओल्या कातडीतूनही श्वास घेणारा. त्यांच्या मध्ये नखाएवढे खेकडे, आणि त्यातल्या नरांची एक नांगी भलतीच मोठी. ती नांगी वर-खाली करत हा मादीला बोलावतो आणि शेजारच्या नराला दम भरतो. तुमची सावली पडली की सगळे बिळात गडप. मग थांबावं लागतं. अजिबात न हलता, दोन-तीन मिनिटं. एकेक डोळा पुन्हा वर येतो. इथे घाई करणाऱ्याला काहीच दिसत नाही, आणि कुणी 'लक्ष केंद्रित करा' असंही सांगत नाही.

भरतीची वेळ रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते. खाडीतले आगरी-कोळी तिच्यावरच आपला दिवस बेततात. त्यांच्या दृष्टीने खाडी म्हणजे रोजीरोटी. त्यांना 'निसर्गात वेळ घालवता का' म्हणून विचारलं तर हसतील. आपण तिथे पाहुणे आहोत, एवढं भान ठेवून जावं आणि जाळ्यांच्या वाटेत उभं राहू नये.

रोजचं काय? रोज खाडी नको, जमायचंही नाही. तुमच्या सोसायटीत किंवा कॅबच्या थांब्याजवळ पर्जन्यवृक्ष असेलच, ठाण्यात जुन्या रस्त्यांच्या कडेला ते पुष्कळ आहेत. त्याची पानं संध्याकाळी मिटतात. एकदम नाही, अंधार पडत जातो तशी मिटत जातात, आणि भर दुपारी आभाळ दाटून आलं तरी मिटू लागतात. ते बघा वीस मिनिटं. वाटल्यास सकाळी तांबट ऐका. तो टुक्-टुक् करणारा, ठोके मोजत असल्यासारखा. घर पहिल्या मजल्यावर असो की एकविसाव्या, उतरून खाली या. घराच्या खिडकीतून भाजी चिरता चिरता बघितलेलं मी धरणार नाही. उलरिकच्या रुग्णांना भाजी चिरायची नव्हती.

पावसाळ्यात येऊरच्या पाड्यांवरच्या बायका टाकळा, कुर्डू, भारंगी, कर्टोली घेऊन ठाण्याच्या बाजारात बसतात. त्यांच्याकडून एक जुडी घ्या आणि कशी करायची ते त्यांनाच विचारा. याने कॉर्टिसॉल उतरतं असं कुणी मोजलेलं माझ्या वाचनात नाही. पण घोडबंदरच्या टॉवरमध्ये राहणाऱ्या बाईला वर्ष पुढे सरकतंय हे मार्चच्या अप्रेझलशिवाय आणखी कशावरून तरी कळायला हवं की नको?

आता त्या चोरीबद्दल. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात खरी वाटलेली ओळ ती. आपल्याकडे तलावपाळीच्या बाकावर पुरुष तासभर बसला तर तो बसलेला असतो. बाई बसली तर ती कुणाची तरी वाट बघत असते, किंवा तिचं काहीतरी बिनसलेलं असतं. 'कुणी यायचंय का?' असं विचारणारा एखादा भेटतोच. हातात पिशवी असली, मूल असलं, निदान बूट घालून झपझप चालत असली तर चालतं. म्हणजे तिच्या तिथे असण्याला कारण मिळतं. तुमचं घड्याळ असंच कारण आहे, असा माझा संशय आहे. पावलांचा आकडा दाखवला की बाहेर घालवलेल्या वेळाचा हिशेब देता येतो. सुरुवातीला म्हणून अशा जागी बसा जिथे तुमच्यासारख्या बायका आधीच बसलेल्या असतात. कचराळी तलावावर सकाळी ही सोय छान आहे. चालणाऱ्यांची गर्दी असते, बसलेल्या बाईकडे कुणी वळून बघत नाही. सवय झाली की जागा तुमच्या तुम्ही निवडाल.

पण खरा पेच घरात आहे. 'जायचं तर जा' या वाक्यात परवानगी आहे, वेळ नाही. तुम्ही शनिवारी सकाळी दोन तास बाहेर असाल तेव्हा दूध कोण घेणार, सासूबाईंच्या सकाळच्या गोळ्या कोण देणार, मुलीला क्लासला कोण सोडणार? ही कामं तुम्ही पहाटे पाचला उठून उरकून जाणार असाल तर त्या दोन तासांचा काही उपयोग नाही, तीन वाजताची जाग दोन वाजता येईल. नवऱ्याला 'जरा मदत कर' म्हणू नका. शनिवारी सात ते नऊ घर त्यांच्याकडे, असं सांगा. पोह्यांत मीठ कमी पडलं तर पडू दे. फोन करून 'जिरं कुठे आहे' असं विचारलं तर उचलू नका. फोन तुमच्याजवळ बंद असेल हे आधीच सांगून ठेवा, आणि खरोखरच्या अडचणीसाठी शेजारणीचा नंबर फ्रिजवर चिकटवा.

सासूबाईंच्या न बोलण्याचा अर्थ तुम्ही एकटीने लावू नका. त्यांना एकदा सरळ विचारा, 'आई, उपवनला येता का माझ्याबरोबर, नुसतं बसायला?' कदाचित त्याही कितीतरी वर्षांत कारणाशिवाय कुठे बसलेल्या नसतील. आल्या तर बरंच. पण शनिवारचे दोन तास मात्र तुमचे एकटीचे ठेवा, त्यात त्यांना नको, मुलीलाही नको. दहावीच्या मुलीला घेऊन गेलात की तुम्ही तिला सिलॅबस विचाराल, ती फोन काढेल, आणि दोघी रुसून परत याल.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत आणि मी विचारणार आहे: पाळीचं काय? ४४ व्या वर्षी मध्यरात्रीची जाग, छातीत धडधड, चिडचिड, उगीच रडू, हे रजोनिवृत्तीच्या आधीच्या काळातही होतं आणि त्यावर उपाय आहेत. रक्ताच्या नेहमीच्या तपासण्यांतून ते कळेलच असं नाही. महिन्याभरात स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा आणि झोपेचं सगळं सांगा, 'ताण आहे' एवढंच सांगून उठू नका. झाडं-पानं हे त्याला पर्याय नाहीत, जोडीला आहेत. दिवसचे दिवस कशातच मन लागत नाही, जगण्यात अर्थ नाही असं वाटू लागलं, तर खाडीपाशी जायचीही वाट न बघता १४४१६ वर फोन करा. ही सरकारची 'टेलि-मानस' सेवा आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीतून बोलता येतं.

बीपी 'किंचित वर' म्हणजे किती ते तुम्ही लिहिलं नाहीत. घरी यंत्र असेल तर रोज सकाळी, पाच मिनिटं शांत बसून झाल्यावर, मोजा आणि कागदावर लिहून ठेवा. दोन महिन्यांनी तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. तोवर पावलं मोजायची नाहीत.

— ताई